बीएस्सी केमिस्ट्री, वय ३१. आता एलएलबी जमेल का?

बांधावरचा:
कुरकुंभ एमआयडीसीत क्यूसीला (मालाचा दर्जा तपासायला) आहे, तिन्ही पाळ्या. बीएस्सीला ५४ टक्के. चुलत्यांशी बांधाचा दावा दौंड कोर्टात आठ वर्षं चालू आहे, तारखेला आबांबरोबर मीच जातो. फेरफार आणि जबाब वाचून वाचून गोडी लागली. तीन वर्षांच्या एलएलबीला वय आड येतं का? पहिली पाळी करून संध्याकाळी कॉलेज जमेल?

रानवारा:
वयाची अट नाही. खुल्या गटाला पदवीला ४५ टक्के लागतात, तुमचे आहेत. सीईटी मराठीतूनही देता येते. चुकलं तरी गुण कापत नाहीत, एकही प्रश्न सोडू नका.

चाकणचा वकील:
दादा, मी मेकॅनिकलवाला, ३४व्या वर्षी वर्गात बसलो. सीईटीचं एवढं काही नाही, खरी गोची हजेरीची. बार कौन्सिलच्या नियमाने प्रत्येक विषयाला ७० टक्के लागते आणि संध्याकाळी सातनंतर वर्ग भरवता येत नाहीत. ‘हजेरी मॅनेज होते’ म्हणणारे भेटतील. आमच्यातल्या दोघांचं अख्खं सत्र त्यात गेलं. मी कायमची रात्रपाळी मागून घेतली. कराराचा कायदा अर्धा झोपेतच ऐकलाय.

पुढचं आधीच घरी सांगून ठेवा: पूर्णवेळ पगारी नोकरीत राहून वकिली करता येत नाही. सनदेची फी हलकी झालीय, सुप्रीम कोर्टाच्या २०२४च्या निकालानंतर खुल्या गटाला ७५० रुपये. पण सिनिअरकडे पहिलं वर्ष मला पेट्रोलपुरतेच मिळाले. पहिल्याच वकीलपत्रावर कोर्ट फीचं तिकीट लावलं आणि वकिलांच्या वेल्फेअर फंडाचं विसरलो. सिनिअर काही बोलले नाहीत, त्यांच्या कारकुनाने मात्र सगळ्या बाररूमला ऐकवलं.

प्रयोगशाळा:
केमिस्ट्री आहे तर पेटंट एजंटची परीक्षा बघा की! विज्ञानाची पदवी चालते, एलएलबी लागत नाही. पेटंट कार्यालयापुढचं काम करता येतं, कोर्टात मात्र उभं राहता येत नाही.

बांधावरचा:
पेटंटचं माहीतच नव्हतं, वाचतो. पण मला उभं राहायचंय ते दौंडलाच. रात्रपाळीचं सुपरवायझरला उद्या विचारतो. पगाराचं आबांना कोण सांगणार, हा प्रश्न आहेच.