शेतकरी नेत्यानं दिल्लीला जावं का?

शिरोळकर: ऊस आंदोलनाचे नेते राजू शेट्टी २००४ ला आमदार, २००९ आणि २०१४ ला हातकणंगल्याचे खासदार. २०१९ आणि २०२४ ला पडले. माझ्या मते दिल्लीची दहा वर्षं ऊसपट्ट्याला महागात पडली. रस्त्यात ट्रॉलीच्या चाकांतली हवा गेली, कारखान्याची गव्हाण (ऊस टाकायची जागा) मोकळी पडली की चेअरमन पहिली उचल (उसाचा पहिला हप्ता) जाहीर करतो. लोकसभेत भाषणानं कुणाची गव्हाण बंद पडते?

काटामारी: एफआरपी, म्हणजे कारखान्यानं उसाला द्यायचा किमान दर, कोण ठरवतं? केंद्र. साखर निर्यात कोण रोखतं? केंद्र. साखरेचा किमान विक्री दर २०१९ ला किलोला ३१ रुपये केला, तोही केंद्रानंच. कारखान्याच्या गेटवर फक्त वाटणीचं भांडण होतं, साहेब.

शिरोळकर: मग तिथं जाऊन काय आणलं? २०१८ ला कर्जमुक्ती आणि हमीभावाची दोन खासगी विधेयकं (मंत्री नसलेल्या खासदारानं मांडलेली) मांडली. १९७० नंतर एकही खासगी विधेयक संसदेत मंजूर झालेलं नाही. म्हणजे निकाल आधीच ठरलेला.

दोन_एकर: मंजूर होणार नाही म्हणून मांडायचंच नाही? कायदेशीर हमीभावाची तीच मागणी २०२०-२१ ला दिल्लीच्या सीमेवर गाजली. कायद्याचा मसुदा आधीच तयार होता, हे काही थोडं नव्हे.

बिनविषारी: माझा राग वेगळाय. २०१४ ला भाजपबरोबर, २०१७ ला बाहेर, २०१९ ला काँग्रेस-राष्ट्रवादीबरोबर. ज्यांच्या गेटवर आम्ही लाठ्या खाल्ल्या, त्यांच्याच मांडीला मांडी लावून बसले. (शेतकरी नेते चरणसिंहांचंही काय झालं? काँग्रेसच्या टेकूवर पंतप्रधान झाले आणि लोकसभेला सामोरं जायच्या आत राजीनामा द्यावा लागला.)

काटामारी: २०२४ ला एकट्यानं लढले की. पहिल्या दोघांतही नव्हते. आता बोला.

शिरोळकर: बोलतो. राज्य सरकारनं २०२२ ला एफआरपीचे दोन तुकडे केले, म्हणजे पैसे दोन हप्त्यांत द्यायची मुभा दिली. शेट्टी कोर्टात गेले आणि मार्च २०२५ ला मुंबई उच्च न्यायालयानं तो निर्णय रद्द केला. तेव्हा ते खासदार होते का?

काटामारी: नव्हते. पण ऊस दिल्यापासून चौदा दिवसांत पैसे आणि उशीर झाला तर १५ टक्के व्याज, हे लिहिलंय १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशात. तो दिल्लीतनंच निघाला.

शिरोळकर: बरं. ते १५ टक्के व्याज तुमच्या गावात किती जणांच्या खात्यावर आलं, तेवढं सांगा.