निवेदनाचा फोटो नको, पोच घ्या

"रस्त्यासाठी आमदारांना निवेदन दिलं, फोटो निघाला, पुढे काहीच नाही," असं तुम्ही लिहिलंय. दादा, आधी रस्ता कुणाच्या ताब्यात आहे ते बघा: ग्रामपंचायत, जिल्हा परिषद की बांधकाम विभाग? चुकीच्या दारात दिलेला कागद नुसता पुढे ढकलला जातो.

आमदारांकडे जायचं तर अधिवेशनाच्या महिना-दीड महिना आधी. हिवाळी अधिवेशन एरवी डिसेंबरात नागपूरला असतं, आणि तारांकित प्रश्नाची (म्हणजे मंत्र्यांनी सभागृहात तोंडी उत्तर द्यायच्या प्रश्नाची) सूचना आमदारांना बरीच आधी द्यावी लागते. प्रश्न लागला की मंत्र्यांना उत्तर द्यावंच लागतं. त्यासाठी माहिती थेट तालुक्यातून मागवतात, तिथेच फाईल हलते. सोबत ग्रामसभेचा ठराव हवा. आवक क्रमांकाची पोच सोडू नका.

आणि चिकाटी. आपल्या सांगली जिल्ह्यात स्वातंत्र्यसैनिक नागनाथअण्णा नायकवडींच्या पुढाकाराने १९९३ ला आटपाडीत पाणी परिषद, म्हणजे दुष्काळी भागाला पाणी मागणाऱ्या लोकांचा मेळावा, सुरू झाली. लोक वर्षानुवर्षं जमत राहिले, तेव्हा टेंभू उपसा सिंचन योजनेचं पाणी दुष्काळी माणदेशात पोचलं. त्या लोकांबद्दल मला फार आदर वाटतो. एका पक्षाच्या भरवशावर ते बसले नाहीत.

तुमच्या रस्त्याचा ठराव झालाय का? नसेल तर येत्या ग्रामसभेत तो घ्या, मसुद्याला मी मदत करतो.