मदत हवी आहे: गरम असताना दिसलेले कॅल्शिअम अ‍ॅसिटेट गार केल्यावर गायब!

नमस्कार मंडळी,

आठ दिवस एका साध्या प्रयोगाने डोके खाल्ले आहे, म्हणून हा धागा.

१० ग्रॅम कॅल्शिअम कार्बोनेटची पूड घेतली (आधी फळ्यावरचा खडू कुटून पाहिला, तो फसफसलाच नाही). त्यात ५ टक्क्यांचे पांढरे व्हिनेगर थोडे थोडे ओतत गेलो, दर वेळी फेस ओसरेपर्यंत थांबून. एकूण २४० मिली गेले. तळाशी चिमूटभर पूड उरली, ती गाळून काढली. इथवर सगळे ठीक.

मग द्रावण उकळून साधारण ५० मिलीवर आणले. उकळत असतानाच वर पांढरी, पातळ सायीसारखी पापडी धरली. म्हटले, जमले! आता गार केले की भसाभस स्फटिक पडतील. भांडे थंड पाण्यात ठेवले, अर्ध्या तासाने बघतो तर पापडीही विरघळलेली. द्रावण काचेसारखे स्वच्छ!

शेवटी वैतागून ते ताटलीत ओतून ठेवले. चार दिवसांनी पांढरी खरपुडी मिळाली, वजन १७.३ ग्रॅम. माझ्या गणिताने १५.८ च्या वर जायलाच नको. चुकले कुठे? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

प्रतिसाद १

चुकले काहीच नाही, हे क्षारच उलट्या काळजाचे आहे. मीठ, साखर, तुरटी यांवरून आपल्या डोक्यात बसलेले असते की गरम पाण्यात जास्त विरघळते. कॅल्शिअम अ‍ॅसिटेट १०० मिली पाण्यात ० अंशाला सुमारे ३७ ग्रॅम विरघळते, २० अंशाला ३५ च्या आसपास आणि १०० अंशाला जेमतेम ३० ग्रॅम. विरघळताना ते उष्णता बाहेर टाकते, म्हणून तापवले की तोल उलट्या बाजूला झुकतो.

आता तुमचे ५० मिली बघा. उकळताना त्यात १५ ग्रॅमही मावत नाही, म्हणून अर्धा-पाऊण ग्रॅम पापडी होऊन वर आला. गार झाल्यावर १७ ग्रॅमला जागा झाली, मग पापडी कशाला टिकेल? ताटलीत सावकाश सुकवणे हाच खरा मार्ग, वैतागून का होईना, तुम्ही तोच धरलात. आणि थोडे कार्बोनेट उरू देणे उत्तम. आम्ल उरले असते तर वास जाता जात नाही.

प्रतिसाद २

वजनाचे कोडे माझ्याकडे. १५.८ हा आकडा निर्जल क्षाराचा, म्हणजे रेणुभार १५८ धरून. पाण्यातून निघालेल्या क्षारात दर रेणूमागे पाण्याचा एक रेणू असला, तर रेणुभार १७६ आणि कमाल उत्पादन १७.६ ग्रॅम. १७.३ म्हणजे छानच की! मंद आचेवर वाळवा आणि वजन स्थिरावेपर्यंत परत परत तोला.

खडूबद्दल: फळ्यावरचे बरेच खडू जिप्समचे, म्हणजे कॅल्शिअम सल्फेटचे असतात. ते व्हिनेगरला दाद देत नाहीत.

धागाकर्ता

दोघांचे आभार! आता याचे करायचे काय? एक चमचाभर कोरड्या परीक्षानळीत जोरात तापवले तर नेलपॉलिश रिमूव्हरसारखा वास आला. भास?

प्रतिसाद १

भास नाही, अ‍ॅसिटोनच ते! नळीत मागे कॅल्शिअम कार्बोनेट उरते, म्हणजे फिरून सुरुवातीच्या पुडीवर आलात. पहिल्या महायुद्धाआधी अ‍ॅसिटोन मुख्यतः असेच काढत. लाकूड बंद भांड्यात तापवून मिळणारे आंबट पाणी चुन्याने शमवायचे आणि तो क्षार कोरडाच भाजायचा. कॉर्डाइट या स्फोटकासाठी युद्धात अ‍ॅसिटोनची मागणी भडकली, तेव्हा वाइझमन यांची किण्वनाची पद्धत पुढे आली. पण तुम्ही हे पुन्हा करू नका, ती वाफ ज्योतीजवळ भपकन पेटते.

आजचा मोठा उपयोग औषधात आहे. मूत्रपिंडे निकामी झालेल्या रुग्णांना ते जेवणासोबत देतात. अन्नातले फॉस्फेट आतड्यातच कॅल्शिअमला चिकटते आणि रक्तात जात नाही. खाद्यपदार्थांत आम्लता सांभाळायला ई २६३ या क्रमांकाने वापरतात. अर्थात घरी बनवलेले जिभेला लावू नका, हे वेगळे सांगायला नको.

गंमत हवी असेल तर संपृक्त द्रावण अल्कोहोलमध्ये ओता. बघता बघता सगळे थुलथुलीत जेलीसारखे गोठते. ती जेली जळते आणि ज्योत उजेडात नीट दिसत नाही, तेव्हा काडी लांबच ठेवा.

धागाकर्ता

चमचाभर जाळायच्या आधी तोलले नव्हते, आता हळहळ वाटते. म्हणून उरलेले १६.१ ग्रॅम तोलून दोन दिवस मंद आचेवर वाळवले. काटा १४.५ वर थांबला, म्हणजे पाण्याच्या रेणूचा हिशेब अगदी जुळला! रात्री मात्र बरणीचे झाकण लावायला विसरलो आणि सकाळी १४.७. परत वाळवायला ठेवले आहे.