थडग्यांत कसलं आलंय सौंदर्य? (मागच्या धाग्यावरून पुढे)

दगडफूल:
परवा इथे एकांनी फर्मावलं, की नाशिकच्या शरणपूर रोडची ख्रिस्ती दफनभूमी म्हणजे भर शहरात अडकून पडलेली जमीन. दगड उचलून म्युझियमात टाका, तिथे जॉगिंग ट्रॅक करा. आणि वर, 'जुन्या थडग्यांचं शांत सौंदर्य' हे म्हणे इंग्रजाळलेल्यांचं खूळ. तिथेच उत्तर देणार होतो, पण लांबलं, म्हणून वेगळा धागा.

पाऊस सरताना सकाळी सातच्या आत एकदा जाऊन बघा. जुने दगड दोन जातींचे. संगमरवर पावसाने झिजतो, त्यावरची अक्षरं वापरलेल्या साबणाच्या वडीसारखी गुळगुळीत होतात. आपला काळा पाषाण मात्र हटत नाही. एका काळ्या दगडावर इंग्रजी 'एन' सगळीकडे उलटा कोरलाय. म्हणजे पाथरवटाला लिपी येत नव्हती, कुणीतरी कागदावर काढून दिलं आणि त्याने बघून बघून कोरलं. एरवी जात्याला टाकी लावणारा हात असणार तो. पण ओळ काय सरळ आहे! दुसऱ्या एका दगडावर अक्षरांत शिसं ठोकून बसवलेलं होतं. ते कुणीतरी उपटून भंगारात घातलं. आता शिसं धरून ठेवायला पाडलेली बारीक भोकं तेवढी उरलीत, त्यावरून नाव जुळवत बसावं लागतं.

आणि इंग्रजी खूळ कसलं? शरणपूर 1850 च्या दशकात मिशनने वसवलं. गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकन मुलं इथे शिकली. त्यातला एक जेकब वेनराइट. 1873 मध्ये आफ्रिका धुंडाळणारा मिशनरी लिव्हिंगस्टन तिथेच वारला तेव्हा त्याचं हृदय एका झाडाखाली पुरलं आणि त्या झाडावर नाव नि तारीख कोरली ती या जेकबने. खोडाचा तो तुकडा पुढे लंडनला नेला. लिव्हिंगस्टनचा पहिला स्मृतिलेख नाशिकला शिकलेल्या पोराने कोरलाय!

सातपूरकर:
ते 'फर्मावणारे' आम्हीच. दुसरी पाळी करून रात्री बाराला घरी येतो. पोरांना खेळायला पार्किंग, तिथेही सेक्रेटरी ओरडतो. मेलेल्यांना मात्र माणशी सहा बाय तीन, कायमचे. आमच्यात माणूस गेला की अमरधाम, तिसऱ्या दिवशी राख सावडायची, अस्थी रामकुंडात. मागे दगड ठेवायचा नाही. यातलं सौंदर्य कुणाला दिसत नाही, कारण त्याचा फोटो निघत नाही.

गोदेचा_गाळ:
रामकुंडात अस्थी विरघळतात म्हणे. तळात काँक्रीट ओतून ठेवलंय, जिवंत झरे बुजवले, आता विरघळायचं कशात? टँकरच्या पाण्यात? 2027 चा सिंहस्थ आला, म्हणजे आणखी ओततील. साधुग्रामासाठी तपोवनातल्या झाडांवर डोळा ठेवला, तेव्हा तुम्ही दोघं कुठे होतात?

दगडफूल:
झाडांना मिठी मारून उभा होतो. विषय थडग्यांचा आहे.

टिळकपथ:
ज्या गावात 21 डिसेंबर 1909 ला विजयानंद थिएटरात क्रांतिकारक कान्हेऱ्यांनी इंग्रज कलेक्टर जॅक्सनला गोळ्या घातल्या, त्या गावात गोऱ्यांच्या दगडांवरचं शेवाळ कौतुकाने बघणारे निपजले. कान्हेरे, कर्वे, देशपांडे ठाण्याच्या तुरुंगात फासावर गेले, ती तारीख न बघता सांगा बरं.

दगडफूल:
19 एप्रिल 1910. आता तुम्ही सांगा, त्या दफनभूमीत शेवटचं कधी गेला होतात? गोरे कमी, आपलेच जास्त आहेत तिथे. गायकवाड, साळवे, शिंदे. दगडावर मराठीत 'ख्रिस्तवासी' लिहिलंय. ते गोरे कधी झाले? आणि शेवाळ नाही ते, दगडफूल आहे. तुमच्या घरच्या काळ्या मसाल्यात पडतं तेच.

टिळकपथ:
मसाला आम्ही विकत आणतो. चालू द्या.

वीरगळवेडा:
सातपूरकर, 'मागे दगड ठेवायचा नाही' हे कुणी सांगितलं? लिंगायत पुरतात, गोसावी समाधी देतात आणि वर पिंड बसवतात. गावोगावच्या मारुतीच्या पारावर शेंदूर फासून देव केलेले दगड असतात, त्यातले निम्मे वीरगळ आहेत, म्हणजे लढाईत पडलेल्यांच्या आठवणीचे दगड. खालच्या चौकटीत लढाई, मधे अप्सरा वीराला वर नेतायत, सगळ्यात वर तो पिंडीपुढे हात जोडून, माथ्यावर चंद्रसूर्य. सतीच्या दगडावर बांगड्या भरलेला हात. सध्या त्यावर बायका धुणं आपटतात.

सातपूरकर:
आणि नाव? बहुतेक वीरगळांवर नाव नसतंच ना! हेच तर म्हणतोय. आपल्याकडे नाव दगडावर नसतं, गंगेवरच्या, म्हणजे आपल्या गोदाकाठच्या, गुरुजींच्या नामावळीत असतं. माझ्या खापरपणजोबाने सही केलेलं पान मी डोळ्यांनी पाहिलंय. गाव सांगितलं, आडनाव सांगितलं, पाच मिनिटांत वही पुढ्यात. द्या असं थडगं आणून.

माहेरवाशीण:
ती वही मीही पाहिली आहे. वडिलांचे दिवस करायला गेलो तेव्हा गुरुजींनी काढली. आजोबा, पणजोबा, चुलते, त्यांचे मुलगे, सगळे ओळीने. माझी आजी अकरा बाळंतपणं करून, गंगेवर तीनदा येऊन गेलेली बाई. तिचं नाव कुठेच नाही. मी विचारलं, तर गुरुजी म्हणाले, 'त्या यांच्यातच आल्या.' मी आणि माझी बहीणही आमच्या भावात आलो असणार! देवळालीकडच्या एका जुन्या दफनभूमीत मी हातभर उंचीचा दगड पाहिला. अकरा महिन्यांची मुलगी. नाव आहे, जन्मतारीख आहे, वर एक कबुतर कोरलंय. माझ्या आजीला अख्ख्या वहीत मिळाली नाही तेवढी जागा त्या तान्हीला मिळालीय.

पंचवटीचा_बाळू:
ताई, थांबा. आमच्या घरात पिढ्यानपिढ्यांच्या वह्या आहेत. वाळवीपासून, पुरापासून त्या कशा जपल्यात ते आमच्या घरात येऊन बघा. यजमान सांगेल ते आम्ही लिहितो. तुमच्या काकांनी आजींचं नाव सांगितलं नसेल, तो राग वहीवर कशाला? कित्येक पानांवर बायकांची नावं आहेत.

माहेरवाशीण:
काकांनी सांगितलं नाही हे खरं. तुम्ही विचारलं होतं का?

पंचवटीचा_बाळू:
मी तेव्हा जन्मलोही नव्हतो.

माहेरवाशीण:
नाव लिहायला दक्षिणा वेगळी पडते का, तेवढं सांगा. मी भरते.

पंचवटीचा_बाळू:
हा टोमणा आहे आणि तो कळला. या, लिहून देतो. दक्षिणा नको. पण 'वहीपेक्षा थडगं बरं' हे मान्य नाही. दगड शंभर वर्षांनी वाचता येत नाही, हे धागाकर्तेच वर लिहून बसलेत.

दगडफूल:
संगमरवराबद्दल लिहिलं होतं. काळ्या पाषाणाबद्दल नाही.

गोदेचा_गाळ:
2008 च्या पुरात किती वह्या गेल्या हो? नदीचं पात्र आवळलं, त्याबद्दल कुणी बोलत नाही.

वीरगळवेडा:
अहो, तुम्ही वेगळा धागा काढा. आम्ही सगळे येऊ.

सातपूरकर:
माहेरवाशीणताई, तुमचं वाचून जेवताना गप्प बसलो, म्हणून लिहितोय. माझ्या आधी एक भाऊ होता. आठ महिन्यांचा गेला. तान्ही मुलं आपल्यातही जाळत नाहीत, पुरतात. वडिलांनी गावच्या ओढ्याकाठी पुरला आणि कोल्ह्यांनी उकरू नये म्हणून वर एक धोंडा ठेवला. पुढे ओढ्याला पूल झाला. आई अजून एसटी त्या पुलावरून जाताना खिडकीबाहेर बघते, कुठला धोंडा ते तिलाही आता सांगता येत नाही. बारसं झालं होतं त्याचं. तर ठीक आहे, दगडावर नाव असलेलं बरं असतं. जिंकलात, हार घ्या. जॉगिंग ट्रॅक हवाच आहे, तो दुसरीकडे करा.

दगडफूल:
हार नको. रविवारी सकाळी सातला या, आधी फादरांना विचारून ठेवतो. पाणी आणि मऊ ब्रश पुरे. तारेचा ब्रश आणि बाथरूमचं ॲसिड आणायचं नाही, मागे एकाने ते ओतलं आणि उरलेली अक्षरंही गेली.

सातपूरकर:
शनिवारी तिसरी पाळी आहे. सातला सुटतो, साडेसातला पोचेन. चहा तुमचा.