मदत हवी आहे: दाह ओसरल्यावरही फुप्फुसात व्रण का वाढत राहतात?

नमस्कार मंडळी,

माझ्या मोठ्या भावाला न्यूमोनियातून एआरडीएस झालं, म्हणजे दाहाने फुप्फुसात पाणी भरून श्वास अचानक निकामी होणं. सोळा दिवस व्हेंटिलेटरवर होता. आता घरी आलाय, पण चार पायऱ्या चढला तरी धाप लागते. सीटी स्कॅनच्या रिपोर्टात 'फायब्रोसिस' हा शब्द आहे, म्हणजे इजा भरताना फुप्फुसात राहणारा कडक व्रण. औषधांबद्दल सल्ला नकोय, ते त्याचे डॉक्टर बघताहेत. हे आत नेमकं कसं घडतं ते मला समजून घ्यायचंय. माझं जीवशास्त्र बारावीपर्यंतचं, पुढचं सगळं रात्री जागून वाचलेलं. चुकेन तिथे सांगा.

वायुकोशांना (फुप्फुसातल्या हवेच्या सूक्ष्म पिशव्यांना) इजा झाली की तिथल्या मॅक्रोफेज (जंतू आणि कचरा गिळणाऱ्या) पेशी टीएनएफ-आल्फा, इंटरल्युकिन-1 बीटा, 6 आणि 8 असे संदेश सोडतात. त्यातल्या 8च्या हाकेवर न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी धावून येतात, केशवाहिन्या झिरपू लागतात आणि वायुकोश प्रथिनयुक्त पाण्याने भरतात. इथवर कळलं.

अडले ते टीजीएफ-बीटा या संदेशरेणूपाशी. मी समजत होते की हा रेणू दाह संपल्यावर दुरुस्तीसाठी तयार होतो. पण तो तर ऊतकात आधीपासूनच साठवलेला असतो म्हणे, प्रथिनाच्या कवचात बांधून! इजा झाली की वायुकोशाच्या अस्तरपेशींवरची अल्फा-व्ही-बीटा-6 ही इंटिग्रिन (पेशीला भोवतालाशी जोडणारं प्रथिन) ते कवच ओढून त्याला मोकळा करते. मग तो फायब्रोब्लास्टचे (ऊतकाचा सांगाडा बनवणाऱ्या पेशींचे) आकुंचन पावणारे मायोफायब्रोब्लास्ट करतो आणि त्या पेशी कोलॅजेन हे तंतुमय प्रथिन घालत सुटतात. कोलॅजेन तयार होत असल्याची खूण, म्हणजे प्रोकोलॅजेन-3चा तुकडा, व्हेंटिलेटर लावल्यापासून 24 तासांच्या आतही फुप्फुस धुतलेल्या द्रवात सापडलेली आहे. म्हणजे आग लागलेली असतानाच भिंत बांधायला सुरुवात?

तसं असेल तर दाह दाबला की व्रणही थांबायला हवा. पण 2006च्या चाचणीत एआरडीएस सुरू होऊन 14 दिवस उलटल्यावर मिथाइलप्रेडनिसोलोन हे दाह दाबणारं स्टेरॉइड सुरू केलेल्यांत मृत्यू जास्त झाले. उलट 2020मध्ये कोविडच्या रिकव्हरी चाचणीत डेक्सामेथासोन या दुसऱ्या स्टेरॉइडने व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांतले मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटले. आजार वेगळा आहे हे मान्य, तरी वेळेचा काही संबंध असेल का? दाह शमल्यावर व्रणाला पुढे ढकलतं कोण?

प्रतिसाद

ताई, तुमचं वाचन बरोबर दिशेने चाललंय. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर बरंचसं ताणात आहे. मायोफायब्रोब्लास्ट आकुंचन पावतात, कोलॅजेनने ऊतक ताठ झालेलं असतं, आणि या ओढाताणीनेच आणखी टीजीएफ-बीटा कवचातून सुटतो. एकदा हे चक्र फिरू लागलं की त्याला न्यूट्रोफिलची गरज उरत नाही. व्हेंटिलेटरच्या मोठ्या श्वासांनीही फुप्फुस ताणलं जातं. 2000च्या मोठ्या चाचणीत अपेक्षित वजनाच्या दर किलोमागे 12ऐवजी 6 मिलीलिटरचे श्वास दिले, तेव्हा मृत्यूंचं प्रमाण 39.8 टक्क्यांवरून 31 टक्क्यांवर आलं होतं.

दुसरा धागा अस्तराचा. अस्तरातल्या टाइप-2 (दुरुस्ती करणाऱ्या) पेशींनी टाइप-1 (वायुकोश झाकणाऱ्या पातळ) पेशी होऊन वायुकोश पुन्हा झाकायचा असतो. इंटरल्युकिन-1 बीटा सुरुवातीला या कामाला चालना देतो, पण दाह रेंगाळला की पेशी अर्ध्या वाटेवर अडकतात. अस्तर उघडं राहिलं की खालच्या फायब्रोब्लास्टना 'थांबा' म्हणणारं कोणी राहत नाही. म्हणून संदेशरेणू सरसकट दाबणं धोक्याचं, दुरुस्तीलाही तेच लागतात.

आणि एक सांगतो, एआरडीएसनंतरचं फायब्रोसिस दरवेळी कायमचं नसतं. बऱ्याच जणांचं पुढच्या काही महिन्यांत कमी होतं. मॅक्रोफेजच जादा कोलॅजेन गिळून साफ करतात.

धागाकर्ती

मनापासून आभार. 'ओढाताण' वाचल्यावर चित्र लागलं. आता एवढंच: अडकलेल्या त्या टाइप-2 पेशी नंतर सुटू शकतात का? आणि डीएलसीओ चाचणीचा (फुप्फुसातून रक्तात वायू किती सहज जातो ते मोजणारी) आकडा सुधारला, तर अस्तर भरून येतंय असं म्हणता येईल का? पुढच्या तपासणीला डॉक्टरांना काय विचारायचं ते लिहून न्यायचंय.