प्रतिसाद : घोडा चांगला, पण भाव?
वर शहाद्याच्या भाऊंनी लिहिलंय की घोड्यांच्या शर्यतीत फेव्हरिटवरच (ज्याच्यावर लोकांचा सगळ्यात जास्त पैसा असतो तो घोडा) लावत राहिलं की पैसा सुटतो. भाऊ, इथंच गणित चुकतंय. तीनपैकी एक शर्यत मारणारा घोडा दुपटीच्या भावात, म्हणजे जिंकला तर १०० चे २०० अशा भावात धरला, तर तीन शर्यतींत १००-१०० असे ३०० लावून २०० हाती येतात. तोच एकास चार भावात मिळाला, तर जिंकलेले ४०० आणि लावलेले १०० मिळून ५००. सारंगखेड्याच्या यात्रेतल्या घोडेबाजारात आपण दात, खूर, चाल सगळं बघतो, पण सौदा किमतीवरच ठरतो ना? तसंच इथंही आधी घोडा किती वेळा जिंकेल याचा स्वतःचा अंदाज कागदावर लिहा, मगच भाव बघा; उलट केलंत की भावच डोक्यात बसतो. शिवाय १ ऑक्टोबर २०२३ पासून लावलेल्या पूर्ण रकमेवर जीएसटी आहे. तो धरला की बहुतेक शर्यतींत लावण्यासारखं काही उरतच नाही. त्या सरळ सोडा.