मदत हवी आहे: जाहिरातींचा धुमाकूळ, अँटीव्हायरस म्हणतो सगळं ठीक

उंबरठा:
स्क्रीनच्या उजव्या कोपऱ्यात सारख्या चौकटी येतायत. 'तुमच्या पीसीत व्हायरस आहेत, आत्ता साफ करा.' एक मिटवली की दुसरी हजर. पूर्ण स्कॅन झाला, काही सापडलं नाही. हे स्पायवेअर, म्हणजे हेरगिरी करणारा प्रोग्राम, आहे का? बँकेची कामं याच मशीनवर करतो. फॉरमॅट करा असं कृपया सांगू नका. उत्तर लवकर हवंय.

टेकू:
फॉरमॅटच करा. बाकी सगळी मलमपट्टी.

निरांजन:
विंडोज कुठलं? ब्राउझर कुठला? चौकटीत कुठल्या साइटचं नाव बारीक अक्षरांत दिसतं का?

तर्री_पोहे:
सीसीक्लीनर चालवा, मोकळे व्हा.

जुनाखोड:
2017 मध्ये त्याच सीसीक्लीनरच्या अधिकृत 5.33 आवृत्तीत मालवेअर, म्हणजे घातक प्रोग्राम, घुसवलं गेलं होतं, आठवतंय का?

तर्री_पोहे:
किती जुनं उगाळताय! केव्हाच दुरुस्त झालं ते.

जुनाखोड:
झालं असेल. पण तो मुळात कचरा झाडणारा. अ‍ॅडवेअर म्हणजे जाहिराती लादणारे प्रोग्राम. ते शोधणं हे त्याचं काम नाही.

लिनक्सवाला:
विंडोजऐवजी लिनक्स मिंट टाका. पेनड्राइव्हवरूनही चालतं.

उंबरठा:
लिनक्स कोणी विचारलंय? विंडोज 11, क्रोम. साइटचं नाव दिसतं, अगम्य अक्षरं आहेत. क्रोममध्ये काही शोधलं की भलतंच सर्च इंजिन उघडतं, पण तो वेगळा प्रश्न आहे.

निरांजन:
वेगळा कसा? उलट तोच मोठा प्रश्न. चौकटी म्हणजे ब्राउझरची नोटिफिकेशन्स. 'तुम्ही रोबो नाही हे दाखवायला अलाऊ दाबा' असं सांगून काही साइट परवानगी घेतात. ती फाइल नसते, मग स्कॅनमध्ये सापडणार काय? क्रोमच्या सेटिंग्ज, प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, साइट सेटिंग्ज, नोटिफिकेशन्स. अनोळखी नावं ब्लॉक करा. सर्च बदलणारं बहुधा एक्स्टेन्शन (ब्राउझरला जोडलेला छोटा प्रोग्राम) असेल, फुकट पीडीएफ कन्व्हर्टरसारख्या इन्स्टॉलरच्या पोटातून आलेलं. ते काढा.

मोगरा७:
मध्येच विचारते, फोनवर ज्या वस्तूबद्दल बोलावं तिचीच जाहिरात दिसते. तेही हेच का?

जुनाखोड:
ताई, वेगळा धागा काढा. इथे आधीच गर्दी आहे.

उंबरठा:
चौकटी थांबल्या. पण एका एक्स्टेन्शनला 'रिमूव्ह' बटणच नाही! क्रोमच्या मेनूत खाली 'मॅनेज्ड बाय युवर ऑर्गनायझेशन' लिहिलंय. घरचा कॉम्प्युटर आहे हो, कुठली ऑर्गनायझेशन?

टेकू:
म्हणूनच म्हटलं, फॉरमॅट.

निरांजन:
थांबा हो टेकू. काही अँटीव्हायरससुद्धा पॉलिसी (ब्राउझरवर बाहेरून लादलेले नियम) लावतात, त्यामुळे नुसत्या त्या ओळीवरून घाबरू नका. पण बटण गायब म्हणजे एक्स्टेन्शन पॉलिसीने बसवलंय. मालवेअरबाइट्सचं अ‍ॅडक्लीनर हे अ‍ॅडवेअर काढणारं टूल त्यांच्याच साइटवरून घ्या, त्याच्या सेटिंग्जमध्ये क्रोम पॉलिसी रीसेटचा पर्याय चालू करा आणि स्कॅन करा. त्याआधी क्रोमचं सिंक (खात्यातल्या सेटिंग्ज नि एक्स्टेन्शन आपोआप परत आणणारी सोय) बंद, नाहीतर काढलेलं पाहुणं पुन्हा घरात.

उंबरठा:
गेलं. सर्च जागेवर आलं. पण स्पायवेअर होतं का, हे कोणीच सांगितलं नाही.

निरांजन:
जाहिराती दाखवून बोंब मारतं ते अ‍ॅडवेअर. हेरगिरी करणारं शक्यतो गप्प बसतं. मात्र त्या एक्स्टेन्शनला 'सर्व वेबसाइटवरचा डेटा वाचणे व बदलणे' ही परवानगी होती का? असेल, तर बँकेच्या पानावर टाइप केलेलंही त्याला वाचता येत होतं. पासवर्ड दुसऱ्या यंत्रावरून बदला, आजच.